घरातल्या रोजच्या वस्तू फेअर ट्रेडवर आणायच्यात, सुरुवात कुठून करू?

कपबशी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

झालं असं की मागच्या आठवड्यात कोकोच्या शेतात राबणाऱ्या मुलांबद्दल वाचत बसले होते आणि नेमका हातात चॉकलेटचा तुकडा, तो काही पुढे गिळवेना. रात्री झोप येईना म्हणून उठले, कपाट उघडलं आणि कागदावर यादी काढली, की आपण महिन्याच्या महिन्याला आणतो त्यातलं किती लांबून येतं आणि ते पिकवणाऱ्याच्या हातात काय पडतं याचा आपल्याला पत्ताच नाही. कॉफी, चहा, कोको पावडर, साखर, केळी, मध, व्हॅनिला, मग टॉवेल, चादरी, मुलाचे टीशर्ट, त्याचा फुटबॉल, दारातलं पायपुसणं सुद्धा. ३१ वस्तू झाल्या. सकाळी नवरा यादी वाचून म्हणाला, एवढं सगळं बदलायचं तर आधी पगार बदलायला लागेल. त्याचं अगदीच चूक नाहीये.

तर आता विचारते. जमेल तिथे फेअर ट्रेडचं, म्हणजे पिकवणाऱ्याला न्याय्य मोबदला देऊन घेतलेलं, आणायचंय. सगळं एकदम बदलणं जमणार नाही हे मला पण कळतंय, पण मग पहिला नंबर कुणाचा लावायचा? पाकिटांवर इतके शिक्के असतात, बेडूक काय, पान काय, हात वर केलेला माणूस काय, त्यातला खरा कुठला? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मी जे जास्तीचे पैसे मोजणार ते खरंच तिथपर्यंत जातात का, का मधल्यामधेच कुणीतरी खातं? आणि घरात जे आधीचं पडलंय त्याचं काय करू, वापरायची लाज वाटतेय.

---

हिशोबनीस

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. घरात आहे ते संपवा. त्याचे पैसे देऊन झालेत, फेकून शेतकऱ्याला काही मिळत नाही, कचरा तेवढा वाढतो. ज्या दिवशी डबा रिकामा होईल त्या दिवशी त्या एका वस्तूचा विचार करायचा. आम्ही असंच केलं, दीड वर्ष लागलं आणि तरीही अर्धी यादी तशीच आहे, काही बिघडलं नाही.

पहिला नंबर कॉफीचा. घरात पीत असाल तर. कारण शिक्क्यांचा हा सगळा प्रकार कॉफीपासूनच सुरू झाला आणि तिथेच तो सगळ्यात घट्ट बसलाय. मेक्सिकोच्या ओहाकामधली युसिरी नावाची छोट्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था, तिथे काम करणारे डच धर्मगुरू फ्रान्स व्हॅन डर हॉफ आणि नेदरलँड्समधले निको रोझन यांनी मिळून १९८८ साली मॅक्स हॅवलार नावाचा शिक्का बाजारात आणला. त्याच्या आधीही अशा वस्तू मिळायच्या, पण चर्चच्या किंवा स्वयंसेवी संस्थांच्या छोट्या दुकानांमधून, शिक्क्यामुळे ती कॉफी नेहमीच्या दुकानातल्या फळीवर आली. आणि वेळ बघा, पुढच्याच वर्षी १९८९ मध्ये कॉफी निर्यातीचा कोटा ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार मोडला आणि जगभर भाव धाडकन कोसळले. तेव्हा ज्यांना ठरलेला किमान भाव मिळत होता ते तरले.

आता यंत्रणा कशी चालते ते थोडक्यात, कारण एवढं समजलं की पुढचे सगळे शिक्के आपोआप उलगडतात. दोन गोष्टी असतात. एक किमान भाव, म्हणजे बाजार कितीही खाली गेला तरी खरेदीदाराने याच्या खाली जायचं नाही. धुतलेल्या अरेबिकाला (ही कॉफीची एक जात) तो पौंडाला, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅमला, १.४० डॉलर होता, ऑगस्ट २०२३ पासून १.८० झाला. बाजार वर असेल तर बाजारभाव. दुसरा प्रीमियम, कॉफीला पौंडामागे २० सेंट, हा शेतकऱ्याच्या खिशात थेट जात नाही तर संस्थेकडे जातो आणि त्याचं काय करायचं ते सभासद बैठकीत ठरवतात, शाळा, रस्ता, वाळवणाची जागा, काय हवं ते, फक्त त्यातले निदान ५ सेंट उत्पादन आणि दर्जा सुधारण्यावर घालायचे असा नियम आहे.

आता तुमचा 'मधल्यामधे कोण खातं' वाला प्रश्न. मला आकडेमोडीचा किडा आहे म्हणून एकदा कागदावर मांडलं होतं. भाजल्यावर कॉफीचं वजन घटतं, पाव किलो भाजलेल्या कॉफीला साधारण ३०० ग्रॅम कच्चे दाणे लागतात. म्हणजे पौंडाचा दोन तृतीयांश. २० सेंटचे दोन तृतीयांश म्हणजे १३ सेंट. पाव किलोच्या पाकिटामागे प्रीमियम १३ सेंट, बस. त्यामुळे शिक्कावालं पाकीट साध्यापेक्षा थोडंसं महाग असेल तर समजू शकतो, पण दुप्पट महाग असेल तर तो फरक शेतकऱ्याकडे जात नाहीये, तो भाजणाऱ्याकडे, पाकिटाच्या छपाईकडे आणि दुकानाकडे जातोय. कदाचित कॉफीही चांगली असेल, तो भाग वेगळा. पण महाग म्हणजे जास्त न्याय्य असं समीकरण डोक्यातून काढून टाका, नवऱ्याला पण हे सांगा, त्याला बरं वाटेल.

---

जुनीसायकल

हिशोबनीस यांच्याशी सहमत. +१

पण आमच्याकडे कॉफी कुणी पीत नाही हो, चहाचं काय?

---

हिशोबनीस

चहाचं जरा त्रांगडं आहे. कॉफीचा शिक्का फक्त छोट्या शेतकऱ्यांच्या संघटनांना मिळतो, चहात मात्र मोठे मळे पण असतात जिथे जमीन मालकाची आणि पानं खुडणारे मजूर. तिथे प्रीमियम मजुरांनी निवडलेल्या समितीकडे जातो, मालकाला त्याला हात लावता येत नाही. हे चांगलंय. पण रोजंदारी किती हे मालक आणि तिथलं सरकार ठरवतं, शिक्क्यामुळे ती एकदम पोटभर होते असं समजू नका. आणि मळ्याचा सगळा माल काही या अटींवर विकला जात नाही, थोडाच जातो, बाकीचा नेहमीच्या लिलावात. मग प्रीमियमही तेवढ्याचाच येणार. म्हणून शिक्कावाला चहा घेणारे वाढले तर तिथे फरक पडतो, नुसता मळ्याला शिक्का मिळून पडत नाही.

---

तिरपागडा

मी इथला ठरलेला कुरकुऱ्या, तर कुरकुर करतो.

बाई, तुमचा हेतू चांगला आहे पण दोन गोष्टी माहीत असू द्या. पहिली, मास बॅलन्स. म्हणजे काय तर कारखान्याने १०० टन शिक्कावाला कोको विकत घेतला, तो साध्या कोकोच्याच हौदात ओतला, आणि मग १०० टनाच्या हिशोबाएवढ्या चॉकलेटवर शिक्का मारला. तुमच्या हातातल्या वडीत त्या शेतकऱ्याचा एक दाणा पण नसू शकतो. कोको, साखर, चहा, फळांचा रस या चारांना हे चालतं. कायदेशीर आहे, लपवलेलं नाही, पण किती जणांना माहीत आहे?

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. लंडनच्या सोआस विद्यापीठातल्या संशोधकांनी इथिओपिया आणि युगांडात काही वर्षं फिरून २०१४ मध्ये अहवाल दिला. त्यांनी शेतकऱ्याला नाही विचारलं, शेतकऱ्याकडे मजुरीला येणाऱ्या माणसाला विचारलं. तर शिक्का असलेल्या भागातल्या मजुरांची मजुरी तशाच बिनशिक्क्याच्या भागातल्या मजुरांपेक्षा कमी निघाली. फेअरट्रेडवाल्यांनी तुलनेच्या पद्धतीवर आक्षेप घेतला, घेणारच, पण मुद्दा उरतोच. छोटा शेतकरी म्हटला की आपल्याला तो एकटा राबताना दिसतो. कापणीच्या दिवसात त्याच्याकडेही चार माणसं लागतात आणि ती त्याच्याहून गरीब असतात. त्यांचा फोटो पाकिटावर नसतो.

एवढं सगळं करून पाव किलोला १३ सेंट. त्यापेक्षा साधी कॉफी घ्या आणि वर्षाला काय वाचेल ते सरळ कुणाला तरी देऊन टाका. जास्त पोचेल.

---

हिशोबनीस

@तिरपागडा, सोआसचा मुद्दा मान्य, शंभर टक्के. मजुराचं दुखणं या व्यवस्थेला अजून नीट सापडलेलं नाही. मास बॅलन्सचा मात्र मला तेवढा राग येत नाही. वीज घेतो तेव्हा पण आपल्या दिव्यात कुठल्या धरणाची वीज आली हे कुणी सांगू शकत नाही ना, पैसे कुणाला गेले एवढंच बघतो. घानातल्या लहान संस्थेचा कोको वेगळ्या गोदामात, वेगळ्या बोटीत, वेगळ्या यंत्रातून न्यायचा म्हटलं तर तो खर्च शेवटी तिच्याच डोक्यावर बसेल आणि मोठा कारखाना म्हणेल नकोच ती कटकट. कॉफीला आणि केळ्याला हे चालत नाही बरं का, तिथे माल शेवटपर्यंत वेगळाच ठेवावा लागतो. म्हणून पण मी कॉफी पहिली म्हणालो.

आणि 'सरळ देऊन टाका' हे ऐकायला छान वाटतं पण तुम्ही दिलंत का गेल्या वर्षी? (खवचटपणा नाही, मी पण नाही दिलं.) दान हे दान आहे, ते आज येतं उद्या येत नाही. इथे संस्थेला करार मिळतो, आणि तिने मागितलं तर खरेदीदाराला कराराच्या ६० टक्क्यांपर्यंत रक्कम आगाऊ द्यावी लागते. ज्याला कापणीच्या आधी सावकाराकडे जावं लागतं त्याला याची किंमत १३ सेंटपेक्षा फार जास्त आहे. ते माझ्या गणितात येत नाही म्हणून मी मांडलं नाही, चूक माझी.

---

तिरपागडा

आगाऊ रकमेचं माहीत नव्हतं. बरं. पण किती खरेदीदार खरंच देतात ते पण बघायला पाहिजे. एक पाऊल मागे घेतो, दोन नाही.

---

शिक्कामोर्तब

भांडण चालू द्या, मी मधल्या मधे शिक्क्यांचं उत्तर देऊन जाते, कारण ते राहूनच गेलंय.

हात वर केलेला माणूस (निळा हिरवा गोल, मागे काळं) तो फेअरट्रेड इंटरनॅशनलचा. ही संस्था १९९७ मध्ये वेगवेगळ्या देशांचे शिक्केवाले एकत्र येऊन झाली आणि हा आत्ताचा शिक्का २००२ पासून दिसतो. आता नीट बघा, शिक्क्याच्या बाजूला छोटा बाण आहे का. बाण नसेल तर ती वस्तू पूर्ण फेअरट्रेडचीच आणि शेतापर्यंत माग काढता येणारी, उदा. कॉफी, केळी. बाण असेल तर पाकीट उलटं करायचं, मागे लिहिलेलं असतं की कुठले घटक फेअरट्रेड आहेत, किती टक्के, आणि वर तिरपागडा म्हणाले तो मास बॅलन्स लावलाय का. म्हणजे लपवलेलं नाही हे खरंच, पण अक्षरं मुंगीएवढी.

तिसरा प्रकार म्हणजे पांढऱ्या पार्श्वभूमीचा तसाच शिक्का आणि त्याला जोडून एका घटकाचं नाव, कोको किंवा साखर असं. त्याचा अर्थ तेवढा एकच घटक. बिस्किटावर 'कोको' असेल तर साखरेबद्दल व्हॅनिलाबद्दल त्याने शब्द दिलेला नाही.

बेडूक म्हणजे रेनफॉरेस्ट अलायन्स, २०१८ मध्ये युट्झ नावाचा दुसरा शिक्का त्यांच्यात विलीन झाला. बेडूक वाईट नाहीये, जंगल, पाणी, फवारणी, कामगारांची सुरक्षा हे सगळं ते बघतात, पण किमान भावाची हमी त्यात नाही. तिथे खरेदीदाराने भावावर काहीतरी वरकड द्यायची असते, कोकोला टनाला निदान ७० डॉलर. फेअरट्रेडने ऑक्टोबर २०१९ पासून कोकोचा प्रीमियम २४० डॉलर ठेवला, वर किमान भाव २४०० डॉलर. दोघांचा उद्देशच वेगळा आहे, पण फळीवर शेजारी ठेवले की लोकांना एकच वाटतात.

पान असलेले बहुतेक सेंद्रिय शेतीचे. त्यात माणसाच्या मजुरीचा संबंध असेलच असं नाही. दोन्ही एकत्र असले तर उत्तम, सेंद्रिय फेअरट्रेड कॉफीला किमान भावावर पौंडामागे आणखी ४० सेंट मिळतात.

हस्तकलेच्या वस्तू, टोपल्या, पिशव्या, दागिने यांना पिकासारखा भाव ठरवता येत नाही, तिथे डब्ल्यूएफटीओ (जागतिक फेअर ट्रेड संघटना, ही १९८९ पासूनची) वस्तूला नाही तर पूर्ण संस्थेला तपासते, दहा तत्त्वं आहेत त्यांची.

आणि हे लक्षात ठेवा, 'एथिकल', 'जबाबदारीने बनवलेले', 'शेतकऱ्यांच्या प्रेमातून' असली वाक्यं म्हणजे नुसती शाई. मी स्वतः एकदा भेट द्यायला एक अख्खी टोपली घेतली होती, वर मोठ्या अक्षरात 'न्याय्य व्यापार', घरी येऊन सगळं उलटंपालटं केलं तर एकावरही शिक्का नाही, नंबर नाही, काही नाही. विकणाऱ्याला लिहून विचारलं तर उत्तर आलं की 'आमची मूल्यं तशी आहेत'. मूल्यं 😑

---

धागादोरा

कपड्यांच्या धंद्यात बरीच वर्षं काढलीत म्हणून टॉवेल चादरी टीशर्टवर मी बोलतो.

टीशर्टवर कापसाचा फेअरट्रेड शिक्का दिसला की लोकांना वाटतं तो शिवणाऱ्या बाईला पण नीट पगार मिळाला. नाही हो. तो शिक्का कापूस पिकवणाऱ्याचा आहे. त्याच्यानंतर जिनिंग (सरकी काढणं), सूत, विणकाम, रंगाई, शिलाई, एवढे टप्पे आणि प्रत्येक टप्पा वेगळ्या गावात नाहीतर वेगळ्या देशात. पूर्ण साखळीसाठी फेअरट्रेडचाच वेगळा टेक्स्टाइल स्टँडर्ड आहे, २०१६ मध्ये आला, पण त्याचा माल शोधायला गेलात तर दमाल. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कपडे शिवायच्या कारखान्यांची इमारत कोसळली, ११०० हून जास्त माणसं गेली, आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते आणि तरी शिवणाऱ्यांना आत पाठवलं. त्या इमारतीत शिवलं जात होतं त्याचा कापूस कितीही न्याय्य भावाने घेतलेला असता तरी त्या सकाळी काय उपयोग होता?

म्हणून माझा सल्ला थोडा धंद्याच्या विरोधात आहे, कपडे आणि टॉवेल यादीत सगळ्यात खाली टाका. आहेत ते विरेपर्यंत वापरा, मग त्याची फडकी करा, मग लागलंच तर नवीन घ्या आणि तेव्हा कापसाचा शिक्का बघा, नसण्यापेक्षा बरा. वर्षाला सहा टीशर्ट घेणारा तीनवर आला की काय होतं आणि तेवढ्या पैशात तीन नीट घेता येतात हे गणित हिशोबनीस करतील.

पायपुसणं हाताने विणलेलं गालिचासारखं असेल तर गुडवीव्हचं लेबल बघता येईल, आधी त्याचं नाव रगमार्क होतं, १९९४ पासून, कैलाश सत्यार्थींनी सुरू केलेलं. ते मुख्यतः विणकामात मुलं नाहीत ना हे तपासतं. यंत्रावरचं पायपुसणं असेल तर सोडून द्या तो विषय.

फुटबॉल मात्र जरूर. हाताने शिवलेले चेंडू बरेचसे पाकिस्तानात सियालकोटला होतात, तिथे घराघरातून पोरं टाके घालायची, १९९७ मध्ये करार होऊन शिलाई मोठ्या प्रमाणात केंद्रांवर आणली गेली. फेअरट्रेड चेंडू मिळतात. मुलाला गोष्ट सांगून द्या, तो जास्त लक्षात ठेवेल.

---

जुनीसायकल

केळ्याचं कुणीच बोललं नाही म्हणून मी वाचून आले. केळ्याला खोक्यामागे १ डॉलर प्रीमियम असतो, खोकं १८.१४ किलोचं (हा आकडा असा विचित्र का तर ४० पौंड). म्हणजे किलोला साधारण साडेपाच सेंट ना? बरोबर का हिशोबनीस? आणि कॅरिबियनमधली सेंट लुसिया, डॉमिनिका वगैरे बेटं, तिथले छोटे केळीवाले युरोपातली सवलत गेल्यावर मोठ्या कंपन्यांच्या मळ्यांपुढे टिकेनात, त्यांच्यातले जे उरले त्यांना फेअरट्रेडचा आधार झाला असं वाचलं. मला छान वाटलं, चहावाली असून पण काहीतरी करता येईल.

---

हिशोबनीस

बरोबर, ५.५ सेंट. आणि केळं ही तुमच्या यादीतली सगळ्यात सोपी वस्तू आहे कपबशी ताई, कारण त्यात एकच घटक, मास बॅलन्स नाही, बाण नाही, आणि दर आठवड्याला संपतं. मी कॉफी म्हणालो पण खरं तर तुमच्या घरी जे जास्त खपतं ते पहिलं.

साखरेला मात्र किमान भावच नाही, साध्या साखरेला टनाला ६० डॉलर प्रीमियम एवढंच. २०१७ मध्ये युरोपने बीट साखरेवरचा कोटा उठवला आणि बीट स्वस्त झाल्यावर उसाच्या फेअरट्रेड साखरेचे गिऱ्हाईक पळाले. म्हणजे किलोला ६ सेंटसाठी सुद्धा मोठे खरेदीदार थांबले नाहीत, हे मला जरा लागलं होतं. शिक्का पाळायची सक्ती कुणावर नाही, खरेदीदार उद्या उठून निघून जाऊ शकतो.

आणि यादीतल्या बऱ्याच वस्तूंना असं काही नसतंच. मीठ, कपडे धुवायची पावडर, टूथपेस्ट, कागद. शोधत बसू नका. साबणात पाम तेल असतं आणि त्यावर आरएसपीओचं (पाम तेलासाठी शिक्का देणारी संस्था) पान दिसेल, पण ते जंगलतोडीच्या बाजूने बघतं, शेतकऱ्याला भाव मिळाला का ते नाही.

---

तिरपागडा

एक पाऊल आणखी मागे, कारण मूळ प्रश्न चॉकलेटचा होता आणि सगळे कॉफी केळी करत बसलेत.

घाना आणि आयव्हरी कोस्ट मिळून जगातला अर्ध्याहून जास्त कोको पिकवतात. मोठ्या कंपन्यांनी २००१ मध्ये हार्किन एंजल करारावर सही केली की २००५ पर्यंत मुलांकडून होणारं सगळ्यात वाईट काम बंद करू. मुदत पुढे ढकलली, परत ढकलली. २०२० मध्ये शिकागो विद्यापीठाच्या एनओआरसी या संशोधन संस्थेने मोजलं तर या दोन देशांत कोकोत काम करणारी मुलं १५ लाख ६० हजार. आता हे वाचून माणूस म्हणतो वाईट लोक. पण यातली बहुतेक मुलं स्वतःच्या घरच्या शेतात असतात. बापाला मजूर लावायला पैसे नाहीत, म्हणून पोरगं कोयता घेतं. त्यामुळे तपासणी करून पोराला हाकललं की प्रश्न सुटत नाही, बापाला भाव मिळायला लागतो. म्हणून चॉकलेटमध्ये मी (मी!) म्हणेन की भाव देणारा शिक्का बघा. फेअरट्रेडने २०१८ पासून त्या दोन देशांसाठी 'पोटापुरत्या उत्पन्नाचा' वेगळा संदर्भ भाव पण काढलाय, तो किमान भावापेक्षा वर, पण तो द्यायचा की नाही ते खरेदीदाराच्या मर्जीवर. काही थोडे ब्रँड देतात आणि तसं पाकिटावर छापतात, ते शोधा. डिव्हाइनसारखी एखादी कंपनी आहे जिच्यात घानातली कुआपा कोकू ही शेतकऱ्यांचीच संस्था सुरुवातीपासून, १९९८ पासून, भागीदार आहे. नफ्यातला वाटा शेतकऱ्याला, हे मला प्रीमियमपेक्षा जास्त पटतं.

२०२४ मध्ये कोको टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला होता, सगळे म्हणाले आता शेतकरी श्रीमंत. तिथे दोन्ही देशांत शेतकऱ्याचा भाव सरकार हंगामाआधी ठरवतं आणि माल आधीच विकलेला असतो. वरची मलई त्यांच्यापर्यंत आलीच नाही वेळेवर, आणि झाडांना रोग लागून पीक पण कमी. असो, मी फार बोललो.

---

शिक्कामोर्तब

तिरपागडा एका धाग्यात दोन पावलं मागे!! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

---

कपबशी

बापरे, एवढी उत्तरं. सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री जेवण झाल्यावर नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. १३ सेंटपाशी तो उठून बसला. म्हणाला हे आधी सांगायचं होतंस, मला वाटलं होतं सगळ्याला दुप्पट लागणार. मग दोघांनी मिळून यादी परत केली. ३१ मधून टॉवेल, चादरी, टीशर्ट गेले, मीठ आणि पावडर खोडली, साखर 'बघू' मध्ये. उरलं काय तर केळी, कॉफी, चॉकलेट आणि कोको पावडर, आणि फुटबॉल, पण तो आताचा फुटेल तेव्हा. मुलाला सांगितलं तर तो लगेच आताचा फोडायला निघाला होता, त्याला धरून बसवावं लागलं.

मजुरांबद्दल जे आलं ते डोक्यातून जात नाहीये पण. त्याला आपण घेणाऱ्यांनी काय करायचं ते कुणाला सुचलं तर लिहा, मी वाचत राहीन.

आणि एक गंमत. कोको पावडरचा अर्धा डबा कपाटात होता, त्यावर शिक्का आहे हे मला इतके दिवस दिसलंच नव्हतं! आनंदाने उड्या मारणार तेवढ्यात बघते तर बाजूला बाण. भिंग घेऊन मागची बाजू वाचली, 'कोको, मास बॅलन्स'. नवरा म्हणतो म्हणजे आपण इतके दिवस न्याय्य कोको पीत होतो का नव्हतो?

---

तिरपागडा

पैसे गेले, दाणे कुठे गेले माहीत नाही. प्या.